सीटखालची हळद

“बस गं गजराक्का,” मी म्हणाले, आणि गजराक्कानं पदर खोचून आपला सगळा भार गाडीच्या मधल्या सीटवर टाकला. सीट खाली गेली. मी पट्टा करकचून ओढला, बकल लावलं. गजराक्का उठली तरी सीट जागची हलली नाही.

“माझ्या बुडाशिवाय देवस्थानची गाडी चालत नाही,” ती म्हणाली. “वरच्या पाटीवर माझं बी नाव टाका म्हणावं.”

पाटी खरीच होती. गाडीच्या कपाळावर पितळेची, देणगीदारांची नावं कोरलेली. रोज सकाळी ती चिंच लावून घासायचं कामही आमचंच.

सीटचं हे लचांड श्रावणात सुरू झालं. खटका लागेना. आम्ही समजलो, पावसाच्या ओलीनं आतला स्पंज फुगला. सचिवांना सांगितलं. त्यांनी बाजारातला सीटवाला बोलावला, त्यानं खटका बदलला. तोही पुरेना, तेव्हा त्यानं मालट्रकवर ताडपत्री आवळायचा पट्टा आणला आणि सीटवरून आवळून दिला. वर येतीय तर दाबा खाली, एवढीच सगळ्यांची अक्कल चालली. ती वर का येतीय, हे बघायला पट्टा सोडावा लागला असता, आणि पट्टा सोडला की परत गजराक्काला बसवा. कोण सोडणार?

धारजाईचा डोंगर आमच्या मेटवाडीच्या डोक्यावर आहे. वर देवीचं ठाणं, खाली आम्हा धनगरांची घरं. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांना वर न्यायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरांकडं होतं. वेळूचा लांब दांडा, त्याला टांगलेली बैठक, पुढं दोघं, मागं दोघं. डोली. माझे सासरे धुळाबा झोरे मिसरूड फुटायच्या आधी त्या दांड्याखाली शिरले ते केस पांढरे झाल्यावरच बाहेर आले. त्यांच्या उजव्या खांद्यावर बैलाच्या मानेवर असतो तसा घट्टा होता. बंडी घातली तरी दिसायचा.

मग देवस्थाननं वरपर्यंत सिमेंटचा चढ केला आणि ही गाडी आणली. कुठल्याशा बड्या लोकांच्या गोल्फच्या मैदानावर ती फिरत होती, तिथून जुनी घेतलेली. तिच्यातल्या ॲसिडच्या बॅटऱ्या वर्षभरात बसल्या. तेव्हा सचिवांचा पुतण्या ऋतुराज यानं त्या काढून लिथियमच्या बसवल्या. डबे नवे, चार्जर मात्र ॲसिडच्या बॅटऱ्यांचा, जुनाच. तो रात्रभर शेडच्या भिंतीला गुणगुणत असायचा.

गाडीच्या उद्‌घाटनाला भाषण झालं. माणसानं माणसाला खांद्यावर उचलावं हे आजच्या काळाला शोभत नाही, म्हणून डोल्या बंद. मी टाळ्या वाजवणाऱ्या बायकांत बसले होते. शोभत नाही हे मलाही पटत होतं. माझ्या नवऱ्याच्या खांद्याला रात्री शेक मीच देत होते. पण उचलणाऱ्यानं उद्यापासून काय करायचं, हे त्या भाषणात कुठंच आलं नाही. बिरा (नवऱ्याचं नाव घेते, लाजत नाही) खडीच्या क्रशरवर जायला लागला.

आणि मी त्या गाडीवर ड्रायव्हर झाले. बचत गटातल्या दोघींना शिकवायचं ठरलं, मी आणि गजराक्का. जांभळ्या साड्या दिल्या, फोटो काढला, पेपरात छापून आला. त्या फोटोत मी हसलेली नाही, बघा कधी मिळाला तर. डोलीवाल्या घराची सून डोली बंद करणाऱ्या गाडीवर बसली म्हणून वाडीत माझ्याशी कुणी धड बोलेना. बिरा बोलायचा, कारण त्याला जेवायचं असायचं. मामंजींनी मात्र माझ्याशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं असलं की अंगणातल्या कोंबडीला सांगायचे. “आज पाणी तापवलेलं दिसत न्हाई,” असं कोंबडीला म्हणायचे, आणि मी पाणी ठेवायची. वर्ष उलटून गेलं, तरी आमचा संसार कोंबडीच्या मध्यस्थीनं चालला होता.

आणि देवस्थानच्या ऑफिसात मी कोण? तर डोलीवाल्यांची. गाडी चढावर जरा रेंगाळली तरी सचिव सर्जेराव जगदाळे विचारायचे, “काय अनसूयाबाई, घरच्यांनी काय सांगून पाठवलंय का?” हसत विचारायचे. हसत विचारलेलं जास्त झोंबतं.

तर हे असं होतं. त्या वर्षीची खंडेनवमी आली.

आमच्यात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पूजा होईपर्यंत हत्याराला कामाला लावायचं नाही. डोल्या बंद झाल्या तरी मामंजींनी दांड्यांची पूजा बंद केली नव्हती. त्या सकाळी तिन्ही दांडे माळ्यावरून खाली काढून, धुऊन, बिरोबाच्या ओट्यावर ठेवलेले होते. मी जांभळी साडी नेसून, पिशवीत नारळ, हळद-कुंकू घेऊन निघाले, तेव्हा मामंजी ओट्यावर बसून एका दांड्यावर हात फिरवत होते. ती त्यांची पद्धत होती. आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश उघडा तळवा फिरवायचा, मग हळद. घरातल्या बायकांनी त्या दिवशी दांड्याला शिवायचं नाही, लांबून हात जोडायचे. मी जोडले.

मामंजींनी मान वर न करता कोंबडीला सांगितलं, “आता लोक काचेला हळद लावत्यात. वज्झं काच उचलतीय व्हय?”

मी पिशवी सावरून निघाले. पण टोमणा होता तो, तळव्यात काटा बसावा तसा बसला. मागच्या नवमीला मी आणि गजराक्कानं गाडीच्या काचेलाच पाच बोटं ओढली होती आणि नारळ फोडला होता. वाडीतून शेडकडं जाईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. गाडीत ओझं उचलतं कोण? काच नाही. चाक? चाक नुसतं फिरतं. फिरवणारं सीटखाली आहे.

शेडमध्ये पोचले तेव्हा गजराक्का काच पुसत होती. बाहेर मांडवात गर्दी भरायला लागली होती. नवमीला ओटी भरायला बायका लांबून येतात, त्यात म्हाताऱ्याच जास्त. शेडला लागून नारळाच्या दुकानांची ओळ, त्याला लागून कापडी मांडव. मी म्हणाले, “पट्टा सोड.”

“येडी का खुळी? परत मला नाचवशील.”

“पूजा खालच्याची करायची.”

तिनं बकल काढलं. सीट आपोआप वर आली. उडाली म्हणत नाही, पण कुणीतरी खालून डोकं वर काढावं तशी आली. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि आत बघितलं.

निळ्या प्लास्टिकातले चपटे डबे ओळीनं बसवलेले होते. बसवले तेव्हा मी बघितले होते, विटांसारखे, कड धरून सरळ. आता एकही सरळ नव्हता. पोटफुगी झालेल्या मेंढ्या दाटीनं उभ्या कराव्यात, तसे एकमेकांना रेटून टम्म झालेले. दोघांच्या फटीत मावेनात म्हणून मधले वर उचलले गेले होते, आणि त्यांच्याच पाठीवर आमची सीट. आत एक गोडसर वास कोंडला होता, नखाला लावायच्या रंगासारखा. तो वास मला आठवडाभर येत होता. मी समजत होते, ओटीला येणाऱ्या नटव्या बायकांचा असेल.

मी हळदीचं बोट पुढं नेलं आणि टेकवायच्या आधीच मागं घेतलं. डबा गरम होता. गाडी तर सकाळपासून जागची हलली नव्हती.

गजराक्का डोकावली आणि माझ्याकडं बघितलं. तिचा विनोद तिथंच संपला. “मी ह्याच्यावर बसत होते?” ती हळूच म्हणाली.

चार्जरची पिन मी आधी काढली. मग ऋतुराजला फोन लावला. तो शहरात होता. काय दिसतंय ते सांगितलं. तो म्हणाला, थोडं फुगतंच, गरमीनं होतं, आजचा दिवस काढा, दसरा झाला की येऊन बघतो. मी विचारलं, पेटणार तर नाही? तो म्हणाला, ताई, तुम्हाला त्यातलं कळतं का?

नव्हतंच कळत. आजही मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठल्या डब्यात काय भरलेलं असतं, वीज कशी साठते, मला विचारू नका. पण फुगलेल्या मेंढीला डोंगर चढवत नाहीत, एवढं मला आईच्या कडेवर असल्यापासून माहीत आहे. आणि मेंढी पडली तर एकटी पडते. हिच्या पाठीवर म्हाताऱ्या बसणार होत्या.

“ढकलायची,” मी म्हणाले.

गाडीला एक खटका असतो, तो फिरवला की चाकं मोकळी होतात. आम्ही दोघींनी रेटा लावला. नारळवाल्या दोघी-तिघी हात पुसत आल्या, काय झालं म्हणून विचारायच्या आधी त्यांनीही हात लावला. मांडवाच्या कडेनं, दुकानांपासून लांब, खाली जुन्या खळ्याच्या उघड्या जागेवर आम्ही गाडी नेऊन उभी केली. तिथं आजूबाजूला पेटण्यासारखं काही नाही, नुसती खडकाळ जमीन. मी गजराक्काला तिथंच लांबवर उभं केलं, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही म्हणून. ती हात पसरून उभी राहिली. तिला ओलांडून कुणी जाऊ शकत नाही.

वर आले तर मांडवाच्या तोंडाशी सर्जेराव उभे. सोबत त्यांची आई.

सोनूबाई आईसाहेबांना सगळी पंचक्रोशी ओळखते. गुडघे पार गेलेले, दोन माणसांनी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. पण नवमीची पहिली ओटी त्यांची, हे त्या सासरी आल्यापासून चालत आलेलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात खण, नारळ, हिरव्या बांगड्या. दोन्ही हातांनी ताट धरलेलं.

“गाडी कुठं आहे?” सर्जेरावांनी विचारलं.

मी सांगितलं. जसं दिसलं तसं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. त्यांनी ऐकून घेतलं, मग पुतण्याला फोन लावला, पलीकडचं ऐकलं आणि फोन खिशात घातला.

“ऋतुराज म्हणतो चालेल.”

“ऋतुराजदादांना इथं बसवा, मग चालवते.”

मागं कुणीतरी खुसकन हसलं. सर्जेरावांच्या कपाळाची शीर दिसायला लागली. ते बिरोबाच्या ओट्याकडं बघत होते. मांडवातून ओटा सरळ दिसतो. तिथं तिन्ही डोल्यांचे दांडे धुऊन ठेवलेले, भोवती आमची माणसं, पांढरी बंडी-पटक्यातली. बिरालाही क्रशरची सुट्टी होती.

“असं आहे होय,” ते म्हणाले. आता हसत नव्हते. “ऐन नवमीला गाडी बिघडते. आणि त्याच दिवशी डोल्या धुऊन तयार. अनसूयाबाई, लोक काय दूधखुळे वाटले तुम्हाला?”

गर्दीत माना वळल्या. आधी ओट्याकडं, मग माझ्याकडं. मला तेव्हा काय झालं ते सांगते. भीती वाटली नाही, अंगावर रॉकेल ओतल्यासारखं झालं. वाडीला मी गाडीवाली, गाडीवाल्यांना मी डोलीवाली. आणि आता मी खरं बोलले होते, तर ते खरंच माझ्या घराच्या फायद्याचं निघत होतं. दांडे दरवर्षी नवमीला काढतात, हे सांगून कोण ऐकणार होतं?

“महादू,” सर्जेरावांनी पंपावरच्या गड्याला हाक मारली, “गाडी तू घे. आईला आधी वर सोड. बाई, किल्ली द्या. आणि साडी धुऊन ऑफिसात जमा करा.”

महादू पुढं आला. त्याचे डोळे जमिनीकडं होते. हात मात्र माझ्यापुढं होता.

मांडवाच्या तोंडाशीच देवस्थानची दानपेटी आहे. लोखंडी, माणसाच्या कमरेइतकी उंच, वर फट. आमच्याकडं तिचा नियम कडक. आत गेलेली वस्तू देवीची झाली. ती पेटी पौर्णिमेनंतर पंचांसमोर उघडायची, मधे कुणीही नाही, सचिवांनीसुद्धा नाही. एकदा एका बाईची बोटातली अंगठी नोटेबरोबर आत गेली होती, तर तीही परत मिळाली नव्हती. हा नियम भर सभेत सर्जेरावांनीच वाचून दाखवला होता.

मी किल्ली फटीत टाकली. आत नाण्यांवर खण्‌ करून पडली. गाडीची दुसरी किल्ली हरवून जमाना झाला होता.

“देवीला वाहिली,” मी म्हणाले. “साडी उद्या आणून देते.”

 महादूनं हात मागं घेतला आणि मला वाटतं त्याला बरं वाटलं. सर्जेराव नुसते पेटीकडं बघत राहिले. मग जे बोलायला नको ते बोलले, आईसाहेबांच्या देखत. “जमलं एकदाचं तुमचं. आता माझ्या आईला तुमच्याच माणसांच्या खांद्यावर घालायची, एवढंच ना?”

ओट्यावर ते ऐकू गेलं असणार. मामंजी उठलेले मला दिसले. काठी न घेता चालत आले, मागं बिरा आणि बाकीचे, तिन्ही दांडे खांद्यावर घेऊन. वाट आपोआप झाली. मामंजींनी दांडे मांडवात घोंगडीवर ठेवायला लावले आणि माझ्याकडं वळले. इथं कोंबडी नव्हती.

“अनसा,” ते म्हणाले. “हात फिरव.”

वर्षाच्या वर झालं होतं माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकून. मला आधी कळलंच नाही ते कुणाला बोलले.

बिरा पुढं झाला. “आबा, बायामाणसाचा हात आज दांड्याला...”

“तिकडं त्या डब्यावर नेला न्हवं तिनं? मग हितं बी फिरवू दे.” त्यांनी बिराकडं बघितलंही नाही. “सम्‌द्यांम्होरं फिरव. कसा फिरवत्यात ते दरसाल लांबनं बघतीस.”

बघितलं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षापासून बघत होते. मला ते पूजेतलंच काही वाटायचं, देवाच्या पाठीवर हात फिरवावा तसं. आत्ता, तळवा टेकवल्यावर कळलं की ही पूजा नव्हे, ही तपासणी. हळद नंतरची. हळद म्हणजे पास झाल्याचा शिक्का.

पहिला दांडा. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला हात. पेरं पक्की, खांद्याची जागा गुळगुळीत आणि कडक. मी मान हलवली. दुसरा नवा होता, बिरानं कापून आणलेला, डोल्या बंद व्हायच्या थोडं आधी. तोही चांगला. तिसऱ्याला हात लावायच्या आधीच मला माहीत होतं तो कुणाचा. तेलानं आणि घामानं काळा झालेला, मधे एक जागा खांद्याच्या मापाची झिजलेली. त्या दांड्यावर मामंजींनी आख्खं आयुष्य ओढलं होतं. त्याच्याच जिवावर बिराचं आणि माझं लग्न झालं होतं.

हात फिरत फिरत त्या झिजलेल्या जागेच्या पुढच्या पेराजवळ आला आणि तिथं मला काहीतरी वेगळं लागलं. चीर नव्हती. भोक नव्हतं. नुसतं दाबलं तर जरा दबल्यासारखं. पिकायला आलेल्या फळावर अंगठा ठेवल्यासारखं. मी परत फिरवला. परत तिथंच.

सगळे बघत होते. बिरा बघत होता, त्याच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं की गप बस. तीन डोल्या निघाल्या तर तिन्ही चालतील. गाडी बंद पाडलीसच आहे, आता निदान आपल्या घराचा दांडा तरी मोडू नकोस. आणि सर्जेरावही बघत होते. ते वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होते.

“हा नको,” मी म्हणाले.

“कुठं?” मामंजींनी विचारलं.

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथं बघितलं, पण हात लावला नाही. खाली वाकून तो दांडा उचलला आणि बाजूला, दुकानाच्या भिंतीशी उभा केला. पटका सारखा केला. एवढंच. कशावरून म्हणाले नाहीत, परत बघ म्हणाले नाहीत. मग हळदीची वाटी माझ्यापुढं धरली, आणि राहिलेल्या दोन दांड्यांना मी पाच पाच बोटं ओढली.

आईसाहेब खुर्चीतूनच सगळं बघत होत्या. ताट अजून दोन्ही हातांनी धरलेलं. त्यांनी मुलाला हाक मारली, “सर्जा.”

“काय आई?”

“त्या पोरीनं आपल्या सासऱ्याचा दांडा बाद केला, बघितलास का?”

सर्जेरावांनी भिंतीशी उभ्या केलेल्या दांड्याकडं बघितलं.

“मग माझं ताट धर,” आईसाहेब म्हणाल्या, “आणि मला डोलीत बसव.”

त्यांना बसवायला सर्जेरावांनाच वाकावं लागलं. पुढं बिरा आणि त्याचा चुलतभाऊ, मागं दोघं. उचलताना आमची माणसं पूर्वी देवीच्या नावाचा गजर करायची. त्या दिवशी कुणी केला नाही. गपचूप उचलली आणि चढाला लागले, आणि ती हलती बैठक वळणाआड जाईपर्यंत मांडवातली एकही बाई जागची हलली नाही.

दिवसभर त्या दोन डोल्या वरखाली झाल्या. ज्यांना ज्यांना चढवत नव्हतं त्या सगळ्या म्हाताऱ्या गेल्या आणि आल्या. खांदेकरी बदलत राहिले. क्रशरवर दोन वर्षांत खांद्यांची सवय मोडलेली, तरी कुणी मागं सरलं नाही. आणि कुणी एका बाईनं पदराची गाठ सोडायला घेतली की मामंजी मांडवाच्या तोंडातून हात हलवून नको म्हणायचे. आज न्हाई. आज पैसा घेतला तर अनसाचं बोलणं इकल्यासारखं होईल. हे ते कोंबडीला नाही, भेटेल त्याला सांगत होते. मोठ्यानं.

मी दिवसभर चढाच्या कडेनं चालत होते, पाण्याचा तांब्या घेऊन. जांभळ्या साडीतच. अशी मान ताठ करून मी त्या डोंगरावर त्याआधी कधी चालले नव्हते.

आता जो तो हे ऐकलं की एकच विचारतो: मग गाडी पेटली का?

नाही पेटली. ऐकणाऱ्याचं तोंड पडतं. जणू पेटली असती तर मी खरी, नाही पेटली म्हणजे मी उगीच. पेटायलाच पाहिजे होती का? आत म्हाताऱ्या बसवून चढावर पेटली असती तरच तुमचं समाधान झालं असतं? ती खळ्यावर उन्हात उभी राहिली, गजराक्का तिच्यावर पहारा देत राहिली, आणि दसऱ्यानंतर तालुक्याहून दोन माणसं वाळूच्या बादल्या घेऊन आली. लांब हातमोजे घालून त्यांनी एकेक डबा काढून वाळूत पुरला. त्यातल्या एकाला मी विचारलं, पेटली असती का हो? तो म्हणाला, असती किंवा नसती, सांगता येत नाही. मग त्यानं जुन्या चार्जरकडं बघून विचारलं, हा कुणी ठेवला? ऋतुराज तिथंच होता. त्याला तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला.

किल्ली पौर्णिमेनंतर पेटीत सापडली. पंचांनी काय करायचं ते त्यांना कळेना. देवीची वस्तू. ती अजून गाभाऱ्याबाहेर खिळ्याला टांगलेली आहे, बघायची असेल तर बघा. नवी गाडी आली ती आईसाहेबांनी आणवली आणि चालवायला मीच पाहिजे असं त्यांनीच सांगितलं. मी चालवते. बिरा आणि दोघं तिघं देवस्थानात कामाला लागले, पावसाळ्यात सिमेंटचा चढ निसरडा होतो तेव्हा डोल्या निघतात. खंडेनवमीला सीट उचलून, दिवा खाली धरून, मी प्रत्येक डब्यावर तळवा फिरवते, मग हळद. गजराक्का बाजूला उभी राहून म्हणते, माझं वजन वाया चाललंय.

पण त्या नवमीची संध्याकाळ सांगायची राहिली.

घरी आलो तेव्हा सगळ्यांचे खांदे सोलवटलेले होते. मी साडी बदलून घडी घातली, उद्या जमा करायला. चुलीवर शेकायचं पाणी ठेवलं. मामंजी अंगणातून तो काळा दांडा घेऊन आत आले. बिरा भिंतीला टेकून बसला होता, उठला आणि कोयता घेतला.

“आबा, त्या पेरापाशी चिरून बघू का?” तो म्हणाला. “आत कीड हाय का न्हाई ते कळंल तरी.”

“कशाला?” मामंजी म्हणाले. “अनसानं हात फिरवलाय न्हवं.”

आणि त्यांनी तो लांब दांडा न चिरता, न तोडता, टोकाकडून चुलीत घातला. जळत जाईल तसा पुढं सरकवत बसून राहिले. एकेक पेर फुटलं की मोठा आवाज व्हायचा आणि अंगणातली कोंबडी दचकायची.